'नको'चं कार्ड

मंगळवार, 1 ऑक्टोबर 2024

न बोलणाऱ्या मुलांसाठीची चित्रकार्डं लॅमिनेशन होऊन आज मिळाली. झेरॉक्सवाल्याने न सांगता कोपरे गोल कापून दिलेत. टोकदार कोपरा पोरांच्या ओठाला लागतो हे त्याला कुठून कळलं कोण जाणे. पैसे घेताना म्हणाला, "मॅडम, एवढ्या चित्रांत तर एक शाळा उघडली असती."

मग जालन्यातल्या मस्तगडावर. गढी निजामाच्या काळातली, तिथल्या फारसी लेखात 1723 सालची नोंद आहे. आता गढीपेक्षा तिच्या नावाची वस्तीच मोठी झाली आहे. मुलगा सात वर्षांचा, स्वमग्न. वडील रोलिंग मिलमध्ये रात्रपाळीला, त्यामुळे सकाळी घरात सगळं दबक्या आवाजात चालतं. मुलगा बोलत नाही, पण गप्पही नसतो. किंचाळतो, हुंकारतो, मधूनच लांबलचक ईऽऽ काढतो. चार वर्षांचा होता तेव्हा कुणीतरी जिभेखालची तार कापायला सांगितली, तीही कापून झाली. त्याआधी मधात उगाळलेलं वेखंड झालं होतं. बोलणं न येण्याचं कारण जिभेत क्वचितच असतं, पण हात लावता येईल अशी जागा तेवढीच, म्हणून सगळे तिच्याच मागे लागतात.

मी वापरते तो चित्रसंच स्पेनमधल्या आरागॉन प्रांताच्या सरकारचा आहे, 'आरासाक' नावाचा, फुकट उतरवून घेता येतो. मी घेतलेलं पाण्याचं चित्र म्हणजे तोटी आणि तिच्यातून पडणारी धार. आमच्याकडे नळ रोज येत नाहीत. या पोराचं पाणी मोरीजवळच्या निळ्या ड्रममध्ये असतं. तोटीचं चित्र त्याने पंख्याखाली फिरवून पाहिलं आणि टाकून दिलं. मोबाईलवर ड्रमचा आणि त्यावरच्या तांब्याचा फोटो काढला आहे, उद्या छापून आणते.

गुरुवार, 3 ऑक्टोबर, घटस्थापना

ड्रमचं कार्ड चाललं. त्याने ते उचललं, माझ्या हातात दिलं, मी तांब्याभर पाणी दिलं. आजी घटापुढून उठून आली. म्हणाली, "मॅडम, असं चित्रावर भागायला लागलं तर लेकरू बोलायचं कशाला मग?"

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, आणि तो चुकीचा नाही. उत्तर मात्र आहे. मिलर, लाइट आणि श्लॉसर या तिघांनी तोवर झालेले अभ्यास चाळून 2006 साली आढावा लिहिला. नीट पुरावा असलेल्या 27 जणांपैकी एकाचंही बोलणं चित्रांमुळे किंवा खुणांमुळे कमी झालं नव्हतं. 89 टक्के जणांचं वाढलं, उरलेल्यांचं होतं तसंच राहिलं. वाढ पुष्कळांची थोडीच होती, हेही आजींना सांगितलं. खोटी आशा लावली की ताप नंतर आईलाच होतो.

आईच्या फोनवर जेलो उतरवून दिलं. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात प्रा. रवी पूवैया, अजंता सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेलं हे अॅप आहे, मोफत, मराठीतही आहे. मधे चित्रं, कडेला सहा बटणं: आवडतं, हो, अजून, आवडत नाही, नाही, कमी. या कडेच्या बटणांसाठीच मला ते आवडतं. मुलांच्या पुष्कळ चित्रतक्त्यांवर नुसत्या वस्तू असतात, वस्तूंबद्दल मत द्यायची सोयच नसते.

पोराने जेवणाचं चित्र दाबलं. फोनमधल्या बाई बातम्या दिल्यासारख्या शुद्ध बोलल्या. आजी म्हणाली, "आता गं बया, आमचं लेकरू पुण्याचं झालं!" रात्री टीव्हीवर मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी. बरं झालं. आता जालन्याच्या वळणाचा एखादा मराठी आवाजही फोनमध्ये यावा, आणि सात वर्षांच्या मुलाचा.

सोमवार, 7 ऑक्टोबर

चित्र देऊन वस्तू घ्यायची, ही पेक्स नावाची पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी अमेरिकेत 1985 साली बसवली. तिची पहिली पायरी शिकवायला मोठी माणसं दोन लागतात. एक पुढे, मोसंबीची फोड हातात घेऊन. एक मुलाच्या मागे. पुढच्याने "काय पाहिजे?" असं विचारायचंच नाही. मुलगा फोडीकडे झेपावला की मागच्याने त्याचा हात कार्डाकडे वळवायचा, कार्ड उचलून पुढच्याच्या तळहातावर ठेवायला लावायचं, आणि दर खेपेला आपला हात थोडा थोडा काढून घ्यायचा. मूल विचारल्यावर उत्तर देणारं न होता आपणहून बोलणं सुरू करणारं व्हावं, हा त्यातला मुद्दा. आपल्याकडे "बोल, बोल, काय पाहिजे ते सांग" हा घोष थांबवणं हेच सगळ्यात अवघड. आज मागे मामा बसला होता. तोंड मिटून बसताना त्याला घाम फुटला.

दुपारी दुसऱ्या एका घरून फोन. मुलीची आई आनंदात, "मॅडम, ही फोनवर टाइप करायलीय!" व्हिडिओ पाहिला. आईने मुलीचं मनगट धरलेलं, बोट अक्षरांवर, मुलगी खिडकीबाहेर बघतेय आणि स्क्रीनवर 'आई मला तू खूप आवडतेस'. मला गलबलून आलं आणि रागही आला, आईचा नव्हे. असं हात धरून लिहवून घेण्याची रीत जगात बरीच पसरली होती. चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं की शब्द हात धरणाऱ्याचे असतात, त्याच्या स्वतःच्याही नकळत. अमेरिकेतल्या वाचा-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये ती वापरू नका असं स्पष्ट सांगितलं. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. उद्या जाते, समोर बसून बोलते. पेक्समध्येही आपण हात धरतोच, पण सोडून देण्यासाठी, हा फरक तिला करूनच दाखवावा लागेल.

बुधवार, 9 ऑक्टोबर

जुना जालना. मुलगी अकरा वर्षांची, सेरेब्रल पाल्सी. हात तिच्या मर्जीने हलत नाहीत, मान डळमळते, डोळे मात्र पक्के. घरात दखनी बोलतात, म्हणून तक्ता हिंदीत केला. आई सुरुवातीला म्हणायची, "बाजी, स्कूल में तो मराठी होगी, वही सिखाओ." पण अब्बूंशी ती मराठीत बोलणार आहे का? घरच्या बोलीचा तक्ता आधी, शाळेचा नंतर.

फोटोफ्रेमवाल्याकडून पारदर्शक ॲक्रिलिकचा तुकडा आणला, मधे चौकोनी खिडकी कापून घेतली. चार कोपऱ्यांत चार कार्डं चिकटवायची, मी एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. ती ज्या कोपऱ्याकडे बघेल ते आरपार मला दिसतं. वर बघितलं की हो, डोळे घट्ट मिटले की नाही. बॅटरी नको, चार्जिंग नको. लोड शेडिंगमध्येही चालतं.

फक्त थांबावं लागतं. प्रश्न विचारून मनात दहा आकडे मोजायचे. तिचे डोळे निघतात, भरकटतात, परत येतात. चौथ्या-पाचव्या आकड्याला आई उत्तर देऊन मोकळी होते. आज आईला मी पाणी आणायला स्वयंपाकघरात पाठवलं, मुद्दाम.

धाकटा भाऊ शेजारी शहाण्यासारखा बसला होता. मुलीने 'भाऊ'कडे बघितलं, मग 'काम'कडे, मग डोळे घट्ट मिटले. मी विचारलं, "गृहपाठ नहीं किया उसने?" डोळे वर. भाऊ ओरडला, "झूट!" मुलगी हसत हसत खुर्चीत कलंडली. अकरा वर्षांत पहिली चहाडी. आईला बाहेर बोलावून सांगितलं, मिठाई वाटा.

शनिवार, 12 ऑक्टोबर, दसरा

सुट्टी. संध्याकाळी मस्तगडावरून आईचा व्हिडिओ: आजी नातवाला आपट्याचं पान देताना आधी तक्त्यावर 'घे' दाखवते, मग 'आजी', मग पान. हे आम्ही आठवडाभर सांगत होतो. मूल बोलू लागण्याआधी वर्षभर आपण त्याच्याशी तोंडाने बोलतो, तसं तक्त्याने बोलणाऱ्या मुलाशी मोठ्यांनी आधी तक्त्याने बोलायला हवं. चित्रांची फाईल कपाटात आणि मुलाकडून मात्र अपेक्षा, असं जिथे असतं तिथे काही होत नाही.

सोमवार, 14 ऑक्टोबर

एका शाळेत बैठक. शाळेचं नाव लिहीत नाही. गुरुजींचा प्रश्न, "मुलगा बोलतच नाही तर तोंडी परीक्षा कशी घ्यायची?" मी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याची प्रत पुढे ठेवली. 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी रीती घातल्या आहेत, आणि कलम 17 मध्ये शिक्षणात त्यांचा वापर वाढवण्याची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकली आहे. गुरुजी वाईट नाहीत. पूर्ण वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "मग प्रश्नाला चार चित्रं द्यायची आणि त्यानं बोट ठेवायचं, असंच ना? एवढंच होय." एवढंच. वर्गात साठ पोरं आहेत, हे ते बोलले नाहीत. मीही तो विषय काढला नाही.

गुरुवार, 17 ऑक्टोबर

आज पालकांची बैठक. कुणीतरी विचारतंच, "पुढे काय होतं या मुलांचं?" मालिनी चिब यांच्याबद्दल सांगितलं. सेरेब्रल पाल्सी, बोलणं घरच्यांनाच समजेल इतपत. त्यांच्यासाठी आई मिठू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत शाळा काढली, तिथून स्पास्टिक्स सोसायटी उभी राहिली. मालिनींनी लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या, मुंबईत पुस्तकांच्या दुकानात नोकरी केली, एका बोटाने टाइप करत 'वन लिटल फिंगर' हे आत्मकथन लिहिलं, ते 2010 मध्ये निघालं. एक बाप हळूच म्हणाला, "मॅडम, त्या शिकल्या-सवरल्या घरच्या." खरंच आहे. मी ते उदाहरण पैशांसाठी दिलं नव्हतं, पण त्याने जिथे बोट ठेवलं ते दुखणारंच होतं. मग मालिनींबद्दल बोलणं थांबवलं आणि निरामय या सरकारी आरोग्य विम्याचे फॉर्म भरायला घेतले. एक लाखाचं संरक्षण, थेरपीचा खर्चही त्यात काही मर्यादेपर्यंत बसतो. त्यावर सगळ्यांचे प्रश्न सुरू झाले.

येताना रिक्षात एक गंमत सुचली. वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था वांद्र्याला, 1983 पासून, आणि नाव अली यावर जंग यांचं. हैदराबादचे गृहस्थ, उस्मानियाचे कुलगुरू, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल. आमचं जालनाही 1948 पर्यंत त्याच निजामी मुलखात. नातं जुनं आहे म्हणायचं, अंतर तेवढं कमी व्हायला हवं.

सोमवार, 21 ऑक्टोबर

मस्तगडावर आज भांडण. मुलाने आठवडाभर लाल कार्डाचा धडाका लावला आहे: 'नको'. आंघोळ नको, शर्ट नको, आत्या नको. आत्या सुट्टीसाठी आलेली, तिने कार्डच काढून फ्रिजवर ठेवलं. "मॅडम, पाणी-भाकरीची चित्रं ठेवा. हे कशाला शिकवता? आधी बरा होता, निदान ऐकायचा."

ऐकायचा कसला. याच आंघोळीच्या वेळी तो आईच्या दंडाला चावायचा, वण मी पाहिले आहेत. आठवडाभरात चावणं एकदाही नाही, हे आईनेच हळू आवाजात सांगितलं. मी म्हटलं, "ताई, तुम्हाला जेवायला बोलावून कुणी नुसतं वाढतच राहिलं आणि पुरे म्हणू दिलं नाही, तर?" आत्या म्हणाल्या, "आमच्याकडे नाहीच म्हणू देत." सगळे हसले, मीसुद्धा. मुद्दा मात्र तिथेच राहिला.

पाणी, भाकर, शी-शू एवढेच शब्द देणं आपल्याला सोयीचं असतं. मागितलं की दिलं, काम संपलं. माझ्या मते तक्त्याची परीक्षा इथे होते: त्याच्यावर घरच्यांना न आवडणारं एक तरी कार्ड आहे का? नसेल तर तो मुलाचा तक्ता नाही, आपलाच आहे. 'नको' म्हणता आलं म्हणजे प्रत्येक वेळी ते मान्य होईल असं नाही, इतर मुलांचंही होत नाही. आंघोळ होणारच. पण "तुला नको आहे, कळलं मला" एवढं म्हणून मग पाणी ओतायचं.

शेवटी वडील उठून बाहेर आले, झोपमोड झालेली. फ्रिजवरून कार्ड काढलं, पोराच्या तक्त्यावर चिकटवलं आणि बहिणीला म्हणाले, "राहू दे गं." शेजारी 'नंतर'चं नवं कार्ड लावायचं ठरलं, पिवळं. आंघोळीला नंतर चालेल, औषधाला चालणार नाही. कुणी किती वेळा 'नंतर' मानायचं यावर दोघा नवरा-बायकोंचं अजून एकमत नाही.

शुक्रवार, 25 ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीआधीची शेवटची फेरी. मस्तगडावरच्या मुलाला फटाक्यांचं कठीण जाणार, त्याला आवाज सोसत नाही. 'मोठा आवाज', 'घरात चल', 'कानावर हात' ही तीन कार्डं आधी छापून, लक्ष्मीपूजनाच्या आधीच मोबाईलवर फटाक्याचा बारीक आवाज लावून सराव करायचा. ऐन धडाक्यात नवीन चित्र शिकवता येत नाही.

जुन्या जालन्याच्या मुलीला चार कोपरे अपुरे पडायला लागले. आता आठ करायचे, रंग आधी आणि मग वस्तू, असं दोन टप्प्यांत बघायचं. तिने काल 'अब्बू', 'बाजार' आणि नंतर माझ्या ओढणीकडे बघितलं. आईला वाटलं ओढणी पाहिजे. डोळे घट्ट. रंग? डोळे वर. हिरवी बांगडी, असं निघालं, पंधरा मिनिटांनी.

झेरॉक्सवाल्याचं दुकान सोमवारी साडेअकरापर्यंतच उघडं आहे. 'बांगडी'चा फोटो अजून काढायचा आहे.