ताळा न जुळणारा संगणक

या वेळी पापड-सांडगे नाहीत. विषय थोडा वेगळा आहे, पण घडला घरातच, आणि त्यात माझीही एक चूक आहे. म्हणून लिहितेच.

आमचं खामगावात सरकी-ढेपेचं दुकान आहे. हिशेब मी बघते. १९८२ साली बी.कॉम. झाले. तेव्हा आपला बुलढाणा जिल्हा नागपूर विद्यापीठात होता, अमरावतीचं विद्यापीठ पुढच्या वर्षी निघालं. वही गेली, टॅली आली, पण ताळा जुळल्याशिवाय मला झोप येत नाही हे काही बदललं नाही.

दुकानातला संगणक सात वर्षांचा. टॅली उघडली आणि सोबत जीएसटीचं पोर्टल उघडलं की तो दमून जायचा. पुण्याहून मुलगा म्हणाला, "आई, नवा घेऊ नकोस, रॅम वाढव." मे महिन्यात १४ तारखेला आमच्या नेहमीच्या मुलाने येऊन चार जीबीच्या जोडीला आठ जीबीची नवी पट्टी बसवून दिली. दोन दिवस संगणक हरणासारखा पळाला.

तिसऱ्या दिवशी बिल करता करता पडदा निळा झाला. "मेमरी मॅनेजमेंट" असं काहीतरी दिसलं आणि संगणक आपला आपण बंद होऊन सुरू झाला. संध्याकाळपर्यंत चार वेळा तेच. त्यातच बॅकअप घ्यायला गेले तर फाइल खराब असल्याचा निरोप. २० तारखेला तीन-बी विवरण भरायचं, आणि हातात तीन दिवस.

मग मी नको ते केलं. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना त्या मुलाला फोन लावला आणि म्हणाले, "जुना माल नवा म्हणून लावलास ना?" तो शांतपणे म्हणाला, "काकू, पट्टी परत करा, मी पैसे देतो." हे बाजूला बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाले, "ताळा जुळला नाही तर तू आधी वही तपासतेस की मुनिमाला चोर म्हणतेस?"

रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं. खरंच, आम्हाला कॉलेजात काय शिकवलं होतं? तेरजेत फरक आला तर आधी त्या फरकाला नऊने भाग जातो का ते बघा. जात असेल तर बहुधा आकडे उलटसुलट पडलेत. ४,५९० चे ५,४९० लिहिले गेले तर फरक ९०० येतो. फरकाच्या निम्मी रक्कम कुठे सापडली तर ती नावेऐवजी जमेला गेली असेल. थोडक्यात, अंदाजाने कुणावर बोट ठेवायचं नाही. एकेक शक्यता घेऊन ती खोडत जायची.

दुसऱ्या दिवशी मुलाला फोनवर घेतलं आणि बसले. स्टार्टमध्ये "मेमरी" लिहिलं की विंडोज मेमरी डायग्नोस्टिक येतं. संगणक पुन्हा सुरू होतो, रॅमच्या घराघरात आकडे लिहून परत वाचतो आणि वाचलेला आकडा लिहिलेल्याशी ताडून बघतो. ही आमची टिकमार्कच की! दोन्ही पट्ट्या असताना त्याने दोष दाखवला.

मग कागदावर चौकट आखली. वीज बंद केली, वायर काढली, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावला, कारण अंगातली स्थिर वीज या पट्ट्यांना बाधते. जुनी पट्टी काढून तिच्या खाचेत एकटी नवी लावली. चाचणी निर्दोष! जिच्यावर मी आळ घेतला तीच पास. नंतर त्याच खाचेत एकटी जुनी. तीही निर्दोष. मुलगा म्हणाला, "दोघींचा वेग वेगळा आहे, पण त्याने सहसा अडत नाही, दोन्ही हळू पट्टीच्या वेगाने चालतात. आता जुनी पट्टी दुसऱ्या खाचेत लाव."

लावली. दोष आला.

म्हणजे पट्ट्या दोन्ही चांगल्या, खाच वाईट. टॉर्च मारून पाहिलं तर आत कापसाची बारीक तूस आणि धूळ चिकटून बसलेली. सात वर्षं ती खाच रिकामी होती आणि सरकीचं दुकान म्हटल्यावर तूस उडणारच. कोपऱ्यात एक कोळीही होता. त्याला कागदावर घेऊन बाहेर कुंडीत सोडलं. मग कोरड्या मऊ ब्रशने हळूहळू खाच साफ केली. तोंडाने फुंकर मारली नाही, कारण थुंकीचा ओलावा जातो. पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसले, तेही पट्टी बाहेर काढून, कण झटकून. दोन्ही पट्ट्या टक आवाज येईपर्यंत दाबून बसवल्या. रात्रभर मोठी चाचणी लावली. सकाळी एकही दोष नव्हता.

पण काम तिथे संपलं नव्हतं. मुलाने मला एक गोष्ट सांगितली. २००३ साली बेल्जियममध्ये, ब्रसेल्सच्या स्कारबेक भागात, मतदान यंत्राच्या मोजणीत एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त पडली. तेवढी मतं मिळणं शक्यच नव्हतं म्हणून चूक पकडली गेली. ४,०९६ म्हणजे बारा वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार केल्यावर येणारी संख्या. मेमरीतला एकच बिट आपोआप उलटला असावा, असं तपासणाऱ्यांनी अनुमान काढलं. आमचा नऊचा नियम, तसा त्यांचा दोनाचा!

हे ऐकून पोटात गोळा आला. संगणक बंद पडतो ते निदान दिसतं. न दिसता आकडा बदलला तर? म्हणून त्या दिवसांच्या नोंदींवर विश्वास ठेवला नाही. १४ तारखेच्या आधीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर होता, तो घेतला आणि पुढची सगळी बिलं बिलबुकातून पुन्हा चढवली. हे वाचून सांगत गेले, मी टिक करत गेले. विवरण १९ तारखेला रात्री भरलं गेलं.

तुमच्यासाठी एकच सांगते. संगणक बिघडलेला असताना जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप चढवू नका. आणि कागदाची बिलं फेकू नका.

२० तारखेला सकाळी देवदर्शनाहून येऊन त्या मुलाला फोन केला. आळ गिऱ्हाइकांसमोर घेतला होता, म्हणून क्षमाही दुकानात, लोकांसमोरच मागितली. क्षमावाणीला आपण साऱ्या ओळखीच्यांना "उत्तम क्षमा" म्हणतो, आणि ते सोपं असतं, कारण तेव्हा नेमकी चूक सांगावी लागत नाही. या वेळी सांगावी लागली. जीभ जड झाली होती.

तो म्हणाला, "काकू, बसवायच्या आधी खाच मीच साफ करायला हवी होती." दुपारी आला, कॅबिनेटच्या जाळीला बारीक कापड लावायला निघाला. मी म्हटलं, त्याने हवा अडून गरम होईल ना? तर हसून म्हणाला, "बरोबर आहे, मग दर दोन महिन्यांनी ब्रश मारत जाऊ." आता दर अष्टमीला दुकानाची झाडलोट होते, त्यात संगणकही धरला आहे.