शेपटीवरचं साल

मोसिन-नागांत या रशियन रायफलचं खरं वय लाकडाखाली दडलेलं असतं. दोन स्क्रू काढून लोखंडी भाग दस्त्यातून उचलला, की रिसीव्हरच्या शेपटीच्या खालच्या बाजूला साल कोरलेलं दिसतं. तिच्या एम-३९ या फिनिश आवृत्तीने मला वेड लावलं ते यामुळेच. नळीवर १९४२, चौकटीत ‘एसए’ ही फिनिश सैन्याची मोहोर. आणि शेपटीवर चक्क १८९७! शेजारी धनुष्यबाण असेल तर कारखाना इझेव्हस्कचा, हातोडी असेल तर तुलाचा.

फिनलंडने या रायफलींचे रिसीव्हर कधी घडवलेच नाहीत. लढाईत हाती लागलेले, विकत घेतलेले जुने रशियन रिसीव्हर घेतले, त्यांवर साको, व्हीकेटी या फिनिश कारखान्यांच्या नव्या नळ्या चढवल्या. झारच्या सैन्यासाठी ओतलेलं पोलाद असं रशियावरच रोखलं गेलं. हे आठवलं की ती रायफल हातात घेताना अजूनही अंगावर काटा येतो.

इथे अमेरिकेत १९६८च्या केंद्रीय कायद्याने १८९८पर्यंत बनलेलं शस्त्र ‘अँटिक’ ठरतं, आणि पाहिलं जातं ते रिसीव्हरचं साल. त्यामुळे अशा जुन्या शेपटीला बाजारात जास्त भाव येतो. मला मात्र किमतीपेक्षा खुणा प्याऱ्या.

म्हणूनच दस्ता पॉलिश पेपरने घासून चकचकीत करणाऱ्यांचा मनापासून राग येतो. लाकडावरचे शिक्के, पुढच्या भागातला फिनिश सांधा, कुणा शिपायाने कोरलेली अक्षरं: यातलं घासून गेलेलं काहीही परत आणता येत नाही. मी फक्त जुनं ग्रीस पुसतो.