आले हो

राजा आमच्याकडे आला तो एकटा आला नाही, एक आख्खं घर बरोबर घेऊन आला. सुरुवातीला तो एका अक्षरानंही बोलला नाही. पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीच्या बाजूला, अंग चोरून बसायचा. मग एका दुपारी आम्ही सगळे आपापल्या कामात असताना हॉलमधून जुन्या लँडलाइन फोनची घंटा वाजली. आमच्याकडचा तसा फोन जाऊन किती वर्षं झाली! पाठोपाठ कुकरच्या शिट्ट्या झाल्या. आणि मग खोकला आला. म्हाताऱ्या माणसाचा, खोल, कफानं भरलेला, थांबून थांबून येणारा खोकला. तो संपल्यावर क्षणभर शांतता, आणि एका बाईचा थकलेला, मायेचा आवाज : ‘पाणी देऊ का?’

माझ्या सासूबाई स्वयंपाकघरात गवार निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. त्या उठल्या नाहीत, हॉलमध्ये डोकावल्याही नाहीत. बसल्या जागेवरून एवढंच म्हणाल्या, ‘आले हो.’

त्या घराबद्दल आम्हाला जे कळलं ते थोडकं आहे. आजी-आजोबा दोघंच राहायचे. आजोबांनी हा पोपट हौसेनं आणलेला. आजोबा गेले, आजी मुलाकडे परगावी गेल्या, आणि राजा नात्यातल्या कुणाकडे तरी पोचला. तिथं त्याचा पिंजरा गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी होता. पुढे पक्षी सोडवणाऱ्या काही तरुण मुलांनी त्याला ताब्यात घेतलं, आणि त्यांच्याकडून तो आमच्याकडे आला. त्या आजींना बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. ज्या आवाजात त्या पाणी विचारत, तो आवाज मी ऐकलेला आहे.

राजा आफ्रिकन ग्रे जातीचा. राखाडी अंग, लालभडक शेपूट, फिकट पिवळे डोळे. डोक्यावरचं प्रत्येक पीस पांढुरक्या कडेनं रेखलेलं, कसं नीटस दिसतं! पण मानेच्या खाली तो जवळजवळ उघडा होता. गुलाबी-करडी कातडी, तिच्यावर पांढऱ्या लवेचे पुंजके, मधूनच एखादं अर्धवट कुरतडलेलं पीस. त्याचं त्यानंच ते उपटलं होतं. डोकं तेवढं शाबूत राहिलं, कारण तिथं त्याची चोच पोचत नाही. पिसं उपटण्यामागे कधी कातडीचा किंवा यकृताचा आजार असतो, कधी चुकीचा आहार, कधी कोंडलेपण आणि एकटेपणा. पुष्कळदा सगळंच एकत्र. डॉक्टरांनी रक्त तपासलं, आणि आधीच सांगून ठेवलं की पुन्हा पुन्हा उपटल्यानं पिसाचं मूळच दुखावलं असेल, तर तिथं पीस परत कधीच येत नाही.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण राजाला पाहिलं की लोकांना आपल्याकडेही पोपट असावा असं वाटू लागतं. आपला हिरवा पोपट, गळ्याला गुलाबी-काळं कडं असलेला, घरात ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो संरक्षित आहे, आणि देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून बंद आहे. जखमी पोपट सापडला, कुणी पिंजऱ्यातला आणून दिला, तर १९२६ या क्रमांकावर वन विभागाला कळवायचं. तो इथलाच आहे. बरा झाला, उडायला लागला, तर त्याला परत जायला आभाळ आहे, थवा आहे. राजाला यातलं काही नाही. संध्याकाळी आमच्या समोरच्या उंबरावर हिरव्या पोपटांचा कल्ला सुरू होतो. राजा मान तिरकी करून ऐकतो. आमच्याकडे येणारं माणूस हमखास विचारतं, ‘मग याला सोडून का देत नाही?’ पण सोडायचं कुठं? त्याचं रान घाना, कॅमेरून, काँगो या देशांतलं. इथलं कुठलं फळ खावं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, कावळ्यांनी घेरलं तर काय करावं हे त्याला ठाऊक नाही. आणि ज्या रानातून त्याचे पूर्वज पकडून आणले, तिथंही आता त्याचे भाईबंद फार उरलेले नाहीत. घानामध्ये १९९० नंतरच्या पंचवीसेक वर्षांत या पोपटांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. जंगलं तुटली हे एक कारण. पिंजऱ्यांसाठी चाललेली पकड हे दुसरं. शेवटी २०१६ मध्ये जोहान्सबर्गला झालेल्या वन्यजीव-व्यापाराच्या परिषदेत रानातून पकडलेल्या आफ्रिकन ग्रेचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचं ठरलं. आपल्याकडेही अशा परदेशी जीवांची सरकारदरबारी नोंद करण्याचे नियम २०२४ साली आले. हे सगळं राजाच्या दृष्टीनं फार उशिरा झालं. सोडवलेला असूनही तो सुटू शकत नाही, हे दुःख मी त्याच्याकडे बघताना बाजूला ठेवू शकत नाही.

म्हणून मग त्याला जे देता येईल ते घर.

तो आला त्या पिंजऱ्याच्या तारांवर जस्ताचा मुलामा होता. पोपट दिवसभर तारा चावतो, आणि जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. तो पिंजरा आधी गेला. नवा पिंजरा मोठा, चौकोनी घेतला आणि त्याची एक बाजू भिंतीला लावून ठेवली. ज्याला दुसरं कुणी खाऊ शकतं अशा जीवाला चारी दिशांनी उघडं बसवणं म्हणजे त्याला अष्टौप्रहर पहाऱ्यावर उभं करणं. गुळगुळीत लाकडी दांड्यांऐवजी पेरूच्या आणि कडुलिंबाच्या फांद्या बसवल्या, कुठं जाड कुठं बारीक, म्हणजे पायांना विसावा मिळतो. कॅल्शियमसाठी समुद्रफेन टांगला. रात्री नवाच्या आत हॉलमधला दिवा आणि टीव्ही बंद होऊ लागला, कारण या पक्ष्यांना दहा-बारा तास अंधार लागतो. नॉनस्टिक तवा घरातून गेला. तो फार तापला की त्यातून निघणारी वाफ पक्ष्याला काही मिनिटांत मारते, माणसाला वाससुद्धा येत नाही. पक्ष्यांची फुप्फुसं हवेतला प्राणवायू आपल्यापेक्षा कितीतरी कसोशीनं ओढून घेतात, आणि तितक्याच कसोशीनं विषही.

यातलं सगळ्यांत अवघड काम आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, केलं. त्यांच्या देवघरात सकाळ-संध्याकाळ उदबत्ती आणि धूप असायचा, माझ्या लग्नाआधीपासूनचा. मी विषय कसा काढावा याची जुळवाजुळव करत होते, तोवर त्यांनी उदबत्तीचं घर उचलून मागच्या गॅलरीतल्या तुळशीपाशी नेऊन ठेवलंसुद्धा. म्हणाल्या, ‘देवाला फुलं वाहते. त्याला श्वासाची अडचण नाही, याला आहे.’

खाण्याचं त्या मानानं हळूहळू जमलं. वर्षानुवर्षं निव्वळ सूर्यफुलाच्या बिया खाल्लेल्या पोपटाला दुसरं काही खाणं वाटतच नाही, आणि बियांतल्या तेलानं यकृत बिघडतं. लाल भोपळा, शेवग्याचा पाला, मोडाचे मूग, गाजर वाटीत पडायचं आणि तसंच उचललं जायचं. मिरची मात्र त्यानं पहिल्यांदा दिली तेव्हाच खाल्ली. तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही. मिरची डाव्या पायात धरून, देठाकडून सुरुवात करून, आतल्या बिया एकेक सोलत तो ती संपवायचा. रोज सकाळी वजन बघायचं; आजार लपवणं हा या जातीचा स्वभाव आहे, तो आधी काट्यावर दिसतो, मग डोळ्यांना. तोही काटा पिंजऱ्याजवळ नुसता पडून होता, राजा स्वतःहून त्याच्यावर चढेपर्यंत.

आता भरवशाचं. भीती वाटते तेव्हा राजा बारीक होतो. सगळी पिसं अंगाला घट्ट चिकटतात, मान लांब होते, डोळा माझ्यावर खिळतो. मी हॉलमध्ये वर्तमानपत्र घेऊन बसायची, त्याच्याकडे अर्धी पाठ करून. खुर्ची थोडी पुढे ओढायची. तो बारीक झाला की पुन्हा मागे. एवढंच. यात पुढे जाण्याला फारसं मोल नाही. पुढे सगळेच जातात. त्याच्या गेल्या आयुष्यात हात पुढेच आले असणार. पिंजऱ्यात शिरणारे, पंजे सोडवणारे, टॉवेलमध्ये गुंडाळणारे. मागे सरणारा हात त्यानं पाहिला नव्हता. आपण आक्रसलो की समोरचं माणूस दूर होतं, हे त्याला हळूहळू उमगलं, आणि त्यानंतर त्याचं आक्रसणं कमी झालं. त्याचा नकार चालतो, हे कळल्यावरच त्याला होकार देण्यात काही अर्थ उरला.

पोपटाला हातावर घ्यायची जुनी रीत अशी की बोट त्याच्या पोटाला लावून दाबायचं. तोल गेला की तो नाइलाजानं पाय उचलतो. पाय उचलला म्हणजे माणसाळला, असं समजतात. मला ती रीत मनापासून नापसंत आहे. अलेक्स नावाच्या आफ्रिकन ग्रेची गोष्ट यासाठी मला फार जवळची वाटते. आयरीन पेपरबर्ग या संशोधिकेनं १९७७ साली शिकागोतल्या एका दुकानातून त्याला विकत घेतलं आणि २००७ मध्ये तो मरेपर्यंत त्याच्याबरोबर काम केलं. वस्तूंचे रंग, आकार, संख्या तो सांगायचा, म्हणून तो जगभर गाजला. मला मात्र त्याच्या हुशारीपेक्षा हे मोठं वाटतं की कंटाळा आला की तो ‘नाही’ म्हणायचा, परत जायचंय असं सांगायचा, आणि त्याचं ते म्हणणंसुद्धा भाषा म्हणून ऐकलं गेलं. मेंदू अक्रोडाएवढा असेल. पण नको म्हणजे नको हे त्याला पक्कं कळत होतं.

राजा हातावर आला ती सकाळ मला स्वच्छ आठवते. पिंजऱ्याचं दार उघडं, तो दारावर बसलेला. पंखे बंद, तो बाहेर असला की भर उन्हाळ्यातही छताचा पंखा बंद असतो. मी हात आडवा धरला, त्याच्यापासून वीतभर लांब, आणि दुसऱ्या हातात डाळिंबाचे दाणे. त्यानं वाकून आधी चोचीनं माझं बोट धरलं. इथं बहुतेक माणसं हात ओढून घेतात, चावला असं वाटून. चोच हा त्याचा तिसरा पाय आहे; फांदी वजन पेलेल का, हे तो आधी चोचीनं बघतो. मग काळी, जाड, कोरडी जीभ बोटावर फिरली. मग एक पाय आला. दोन बोटं पुढं, दोन मागं, खरखरीत आणि अनपेक्षितपणे ऊबदार. दुसरा पाय बराच वेळ दारावरच राहिला. त्यानं दाणा घेतला, आणि तो पहिला पायही उचलून परत गेला. मी काही बोलले नाही. त्यानं दुसरा दाणा मागितला.

आईंचं आणि त्याचं मात्र वेगळंच चाललं होतं. त्या त्याच्या जवळ फारशा जातच नसत. पण त्या दुपारपासून एक ठरून गेलं : आई दुसऱ्या खोलीत गेल्या की राजा शीळ घालायचा, आणि त्या जिथं असतील तिथून ‘आले हो’ म्हणायच्या. पुढे डॉक्टरांशी बोलताना कळलं, थव्यातले पोपट नजरेआड झाले की असंच एकमेकांना साद घालतात, आणि सादेला उत्तर आलं की निवांत होतात. उत्तर आलं नाही की ओरडतात. मग माणसं वैतागून पिंजऱ्यावर चादर टाकतात. आईंनी हे कुठं वाचलेलं नव्हतं. कुणी हाक मारली की ओ द्यायची, हे त्यांना लहानपणापासूनचं.

आता राजाच ‘आले हो’ म्हणतो. आईंच्याच आवाजात, त्याच लांबवलेल्या ‘हो’सकट. दूधवाल्याला म्हणतो, बेलला म्हणतो, कुकरच्या शिट्टीलाही म्हणतो. खोकला कमी झाला आहे, गेलेला नाही. तो जाऊ नये असंच मला वाटतं. त्या आजोबांचा एवढाच आवाज बहुधा जगात शिल्लक असेल.

दिवाळीचे दिवस वाईट जातात. मागच्या खोलीत खिडक्यांना गाद्या लावून, रेडिओवर गाणी लावून आम्ही आळीपाळीनं बसतो, तरी दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याच्या तळाशी चार-दोन पिसं दिसतात. छातीवर बऱ्याच ठिकाणी राखाडी पिसं आली आहेत. डाव्या पंखाखालचा पट्टा मात्र तसाच आहे, आणि डॉक्टर म्हणतात तो तसाच राहील.

हे पोपट नीट सांभाळले तर चाळीस, पन्नास वर्षंही जगतात. राजाची विशी उलटून गेली असावी. माझी पन्नाशी उलटली आहे. आजोबांच्या घराचं जे झालं ते आमच्या घराचंही कधीतरी होणार, आणि तेव्हा तो पुन्हा कुणाच्या तरी गॅलरीत पडू नये. म्हणून माझ्या मुलीनं एक वही घातली आहे. डॉक्टरांचं नाव, वजनाच्या नोंदी, काय खातो, काय फेकतो, कशाला घाबरतो. पांढरा टॉवेल, झाडूची मूठ, फुगे. पुढची जबाबदारी तिनं स्वतःकडे घेतली आहे, तरीही वही हवी, असं तिचं म्हणणं. परवा तिनं लिहिलं : ‘राजाला डोकं खाजवलेलं आवडतं.’ आईंनी चष्मा लावून ते वाचलं आणि तिला पुढं आणखी चार शब्द घालायला लावले : ‘मान खाली घातली तरच.’