तुटेल इतकं कुणी ताणलं?

‘तुटेल इतकं ताणू नये’ ही म्हण समेट अधिकाऱ्याच्या तोंडी इतकी बसलेली असते, की ती आपण नेमकी कुणाला ऐकवतो याकडे त्याचं लक्ष जात नाही. एकदा गेलं, की मग पाठ सोडत नाही. कारण ती बहुधा युनियनच्या पदाधिकाऱ्यांनाच ऐकवली जाते. ते बाहेर जाऊन मॅनेजमेंटची माणसं आत आली, की भाषा बदलते: ‘साहेब, थोडं पुढं या. आणखी दोन-तीनशेनं कंपनीला काय फरक पडतो?’ दोन्हीकडे हेतू एकच, समेट व्हावा. पण एकाला समज दिली जाते आणि दुसऱ्याला विनंती केली जाते.

राज्याच्या कामगार खात्यात हे काम सरकारी कामगार अधिकारी, सहायक कामगार आयुक्त अशा पदांवरची माणसं करत आली. त्यांच्या हातात काय होतं? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १२ नुसार, उभय पक्षांनी न्याय्य आणि सलोख्याची तडजोड करावी म्हणून योग्य वाटेल ते सगळं करण्याची मुभा. माणसं बोलावता येत, कागद मागवता येत. निकाल देता येत नसे. चौदा दिवसांत अहवाल पाठवावा असं कायदा म्हणे, आणि दोन्ही बाजूंनी लेखी संमती दिली तर मुदत वाढे. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडत. रोजनाम्यात ‘उभय पक्ष हजर, चर्चा झाली’ असं लिहायचं, खाली सह्या घ्यायच्या, पुढची तारीख द्यायची. जमलं तर करार, नाही जमलं तर फेल्युअर रिपोर्ट.

मागणीपत्रावरची बोलणी जवळून पाहिली तर ताणणं म्हणजे काय ते कळतं. पगारवाढीचा आकडा एकदा जवळ आला, की भांडण त्या आकड्याच्या वाटणीवर येतं: पहिल्या वर्षी किती, तिसऱ्या वर्षी किती, बेसिकमध्ये किती आणि भत्त्यात किती. करार तीन वर्षांचा की चार? मागचा करार संपून गेलेल्या महिन्यांचा फरक मिळणार की नाही? हजाराचा आकडा तोच असतो, पण तो बेसिकमध्ये गेला तर फंड आणि ग्रॅच्युइटी वाढते. कामगार शिफ्ट संपवून आलेले असतात, त्यांना हे सगळं तोंडपाठ असतं.

आणि एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. मालक आणि युनियन यांनी आपसात केलेला करार सह्या करणाऱ्यांपुरताच बंधनकारक असे. तोच करार समेट अधिकाऱ्यासमोर, कलम १२(३) खाली झाला, तर त्या कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना लागू होई, दुसऱ्या युनियनच्या सभासदांना आणि उद्या कामावर लागणाऱ्यांनासुद्धा. म्हणून बाहेर सगळं ठरवून झालेली मंडळीही ‘बारा-तीन’ करायला कार्यालयात येत. निकाल देण्याचा अधिकार नसलेल्या माणसाच्या सहीला एवढं वजन.

पुन्हा म्हणीकडे. ताणायला टोकं दोन लागतात. संपाच्या पहिल्या दिवसापासून कामगाराचा पगार कापला जातो, किराणा दुकानाची उधारी वाढते, शाळेची फी थकते. कंपनीकडे गोदामात माल असतो, कधी दुसऱ्या राज्यात दुसरा प्लँटही असतो. अधिकाऱ्याला हे दिसत असतं, म्हणूनच तो युनियनला जपून घ्यायला सांगतो. ती काळजीच असते. पण जो आधी मोडेल त्यालाच आवरायचं, ही काळजी आणि दुबळ्यावर टाकलेला दाब, यांच्यात फरक कसा करायचा?

मुंबईत कामगार अधिकाऱ्याच्या पदाची सुरुवात निराळी होती. १९२८ आणि १९२९ चे गिरणी संप, मग १९३४ चा. त्यानंतर त्याच वर्षी मुंबई सरकारनं व्यापार विवाद समेट कायदा आणला आणि कामगार अधिकारी नेमला. गिरणी कामगारांच्या हिताकडे लक्ष ठेवणं आणि त्यांच्या तक्रारी मालकांपुढे मांडणं हे त्याचं काम होतं. समेट घडवायला कामगार आयुक्त वेगळा होता. म्हणजे बाजू घेणारा एक आणि मधे बसणारा दुसरा. अर्थात, कामगारांचं गाऱ्हाणं सरकारी माणूसच मांडू लागला तर युनियन हवीच कशाला, हा संशय लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना तेव्हाच आला होता, आणि तो अनाठायी नव्हता.

ताणण्याचा विषय निघाला की १९८२ टळत नाही. १८ जानेवारीला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे. ‘सामंतांनी तुटेल इतकं ताणलं’ हे वाक्य त्यानंतर इतक्या वेळा म्हटलं गेलं, की तोच इतिहास होऊन बसला. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली प्रातिनिधिक युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कायद्यानं बोलणी करायची ती तिच्याशीच. गिरणगाव रस्त्यावर होतं एकाच्या मागे, आणि सहीचा अधिकार होता दुसऱ्याकडे. टेबलाशी बसू शकणाऱ्याच्या मागे संप नव्हता, आणि संप ज्याच्या मागे होता त्याला टेबलाशी बसता येत नव्हतं. अशा वेळी समेट अधिकाऱ्यानं कुणाला आवरायचं?

आणि तुटलं ते कुणाचं? तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. कामगार गावी गेले, कोकणात, साताऱ्याकडे. काही परत आले, अनेकांना पुन्हा घेतलं गेलं नाही. जुन्या यंत्रांच्या गिरण्या चालू करण्याची सगळ्याच मालकांना घाई नव्हती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनी विकायला वाट करून दिली. लोअर परळला फिनिक्स मिल होती, तिथे मॉल उभा राहिला. कामगारांच्या वाट्याला आलं घरासाठी म्हाडाच्या सोडतीची वाट पाहणं. तुटल्यावर दोघंही सारखेच पडतात, असं ती म्हण धरून चालते. मुंबईत तसं झालं नाही.

म्हण ऐकवणारा अधिकारीही सरकारी नोकरच, आणि मार्च २०२३ मध्ये तर राज्य सरकारी कर्मचारीच संपावर गेले. १४ तारखेला सुरू झालेला, जुन्या पेन्शनसाठीचा तो संप २० तारखेला मिटला, थेट मुख्यमंत्र्यांशी चर्चा होऊन. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या कामगार अधिकाऱ्यालाही तोच पेन्शनचा प्रश्न आहे. वर्तणूक नियमांनुसार त्याला संप करायची मनाई, आणि त्याच्या मागणीसाठी समेट अधिकारी कुणी नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. समेट राहिला, तो फसला तर प्रकरण सरकारच्या टेबलावरून जायची गरज उरली नाही, पक्ष थेट न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात. संपाआधीची चौदा दिवसांची नोटीस आता सगळ्याच उद्योगांना आहे. वाट सरळ झाली, असं एकदा वाटतं. पण समेट होवो न होवो, पुढं जायचंच, हे आधीपासून माहीत असेल, तर समोर बसलेला माणूस सोडायला तयार होईल की आणखी घट्ट धरेल, हेही कळत नाही.

शिवाय कार्यालयात आता निराळीच माणसं जास्त येतात. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत कायम कामगारांच्या बरोबरीनं कंत्राटी कामगार लाइनवर उभे असतात. कराराची वाढ कायमवाल्यांची. कंत्राट संपलं, कंत्राटदार फोन उचलत नाही, पगार थकला, अशी तक्रार घेऊन एखादा येतो. थकलेला पगार मिळवून देता येतो, कंत्राटदारानं दिला नाही तर तो मूळ मालकानं द्यायचा, हे कायद्यात स्पष्ट आहे. मग तो विचारतो, कामाचं काय? कंत्राट दिखाऊ होतं असं म्हणून भांडता येईल. पण कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्येच सांगितलं आहे, आणि भांडणात वर्षं जातील. भांड म्हणावं तर तोवर घर कसं चालणार, आणि सोडून दे म्हणावं तर पुढच्या कंत्राटदाराकडेही हेच होणार. अधिकारी कधी हे सांगतो, कधी ते. त्या दिवशी समोर कोण बसलंय, त्यावर ते ठरतं, आणि तसं ठरावं का, याचीही त्याला खात्री नाही.