मायचा फोटो आणि काळे-पांढरे ठिपके



आपल्या समाजाचा इतिहास जितका पुस्तकांत आहे, तितकाच घरातल्या ट्रंकेत आणि भिंतीवरच्या फ्रेममध्ये आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा, २७ जुलै १९७८ च्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात जळालेल्या वस्त्या, १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार. या वाटेने चाललेल्या साध्या माणसांचे फोटो बहुधा त्यांच्या घरीच सापडतील. म्हणून ते संगणकावर कसे घ्यावेत, हे आपण समजून घेतले पाहिजे.

आमच्याकडे असे दोन फोटो होते. एक वडिलांचा, नांदेडच्या नामांतर मोर्चातला, वर्तमानपत्राचे कात्रण. दुसरा मायचा, स्टुडिओतला. २००४ साली लातूरला आक्काने दोन्ही एका दुकानात स्कॅन करून घेतले. फाईल लहान व्हावी म्हणून दुकानदाराने ते नुसत्या काळ्या-पांढऱ्या बिटमॅपमध्ये घेतले. पुढे एका पावसाळ्यात पत्रे गळाले आणि मूळ फोटो गेले.

यंदा भाचा म्हणाला, “मामा, याचं एचडीआर करू. उजेड-सावली सगळी दिसेल.”

अशा बिटमॅपमध्ये प्रत्येक ठिपका एकतर काळा, नाहीतर पांढरा. साध्या करड्या फाईलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा मावतात, १६ बिटच्या फाईलमध्ये ६५,५३६. एचडीआरमध्ये उजेडाचा पल्ला याहूनही मोठा असतो. त्यासाठी एकच दृश्य कमी-जास्त उजेडात अनेकदा टिपून ते फोटो एकत्र करतात. पण रिकामी कणगी मोठी केली म्हणून दाणे वाढत नाहीत.

तरी वडिलांचा फोटो बराचसा परत आला. वर्तमानपत्रातला फोटो मुळातच लहान-मोठ्या काळ्या ठिपक्यांचा असतो. गडद जागी ठिपके मोठे, उजळ जागी बारीक. भाच्याने फाईल करडी केली, ठिपके थोडे धूसर करून एकमेकांत मिसळवले, आकार कमी केला. बारकावे गेले, पण चेहऱ्यावर छटा आल्या.

मायचे तसे झाले नाही. तिच्या फोटोत ठिपके नव्हते, अखंड छटा होत्या. यंत्राने मध्ये एकच रेघ मारली: रेघेच्या खालचे सगळे काळे, वरचे सगळे पांढरे. तिचा सावळा चेहरा काळ्यात बुडाला, पांढऱ्या लुगड्याच्या चुण्या पुसल्या गेल्या. उन्हातान्हात राबलेल्या आपल्या माणसांच्या फोटोंवर अशा रेघेचा घाव असाच बसतो.

मग भाच्याने कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चेहरा भरून घेतला. डोळे आले, हसू आले. आक्काने पाहिले आणि म्हणाली, “बाई चांगली हाय, पण ही आपली माय न्हाई.” यंत्राने हजारो चेहऱ्यांवरून अंदाज बांधला होता. बुद्धांनी पारखून घ्यायला शिकवले. अंदाजाला पुरावा म्हणून भिंतीवर टांगणे आम्हाला पटले नाही. ती काळी आकृतीच आम्ही लावली.

तेव्हा बंधू-भगिनींनो, या रविवारी ट्रंक उघडा. फोटो स्कॅन करताना दुकानदाराला सांगा: ग्रेस्केल, १६ बिट, किमान ६०० डीपीआय, टिफ फाईल. निगेटिव्ह असेल तर तीही द्या. कागदावर न उतरलेल्या छटा तिच्यात असतात. मागे नाव, गाव, साल पेन्सिलीने लिहा. एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. आणि स्कॅन झाला तरी मूळ फोटो टाकू नका.