उसनें अवधान

‘लक्ष द्या’ असें आम्ही प्राध्यापक मंडळी इतक्या सहजपणें म्हणतों, कीं जणूं लक्ष म्हणजे प्रत्येकाच्या खिशांतलें सुटें नाणेंच! परंतु कांहींचा खिसा जन्मतःच फाटका असतो. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्यानें १७९८ सालींच ही व्यथा वर्णिली होती. आज तिला अवधान-न्यूनता म्हणतात.

आमच्या हुपरींत घरोघर चांदीचें काम चालतें. शेजारच्या कारागिराचा मुलगा वैद्यकीय महाविद्यालयांत शिकतो. लहानपणीं त्याच्याविषयीं वडिलांची एकच तक्रार असे : ‘सर, ह्याचं चित्त एका जागी ठरतच न्हाई बघा!’ गेल्या दिवाळींत तो भेटला तेव्हां म्हणाला, ‘सर, परीक्षा आली की आमच्या वसतिगृहात गोळ्या हातोहात फिरतात. त्यांच्यावर मुलं रात्र रात्र जागतात.’

‘आणि तूं?’ मीं विचारलें.

क्षणभर थांबून तो म्हणाला, ‘मला त्याच गोळ्या डॉक्टरांनी तपासून दिल्या आहेत. पण त्या चोरून घ्याव्या लागतात. मित्र म्हणतात, तुझंही सोंगच!’

हें वाक्य माझ्या मनांतून जाईना. मेथिलफेनिडेट हें द्रव्य १९४४ सालीं स्वित्झर्लंडमध्यें लिआंद्रो पानिझ्झॉन यानें तयार केलें. पत्नी मार्गरीट हिच्या ‘रीटा’ या लाडक्या नांवावरून त्याचें ‘रिटालिन’ झालें. खरी गरज असलेल्याला तें अधू डोळ्यांना चष्म्यासारखें आहे. पण धड डोळ्यांवर दुसऱ्याचा चष्मा चढविला तर? मेलबर्नच्या एका प्रयोगांत ४० निरोगी माणसांना अशीं औषधें देऊन कोडें घातलें : ठराविक वजनाच्या पोत्यांत जास्तींत जास्त मोलाच्या वस्तु कशा भराव्या? २०२३ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. औषधानें खटपट वाढली, वेळ अधिक गेला. भरलेल्या पोत्याचें मोल मात्र घटलें. मीं हें सांगितलें तेव्हां मुलाचे वडील हंसले. ‘सर, जाळ वाढवला म्हणून सांधा लवकर बसत न्हाई, कडीच वितळून जाती.’

या विद्यार्थ्यांना मी दुष्ट म्हणणार नाहीं. साडेचार वर्षांत ग्रंथांचे डोंगर ओलांडावयाचे, आणि घरच्यांचे डोळे निकालाकडे लागलेले! पण उडालेली झोंप, धडधडणारें काळीज आणि नकळत जडणारी संवय यांहूनही मोठी हानि मला निराळीच दिसते. ज्या औषधाचा सर्रास गैरवापर होतो, त्याची खरी गरजही लोकांना खोटी वाटूं लागते. आणि हा गैरवापर करणारे तर उद्यांचे डॉक्टर! उद्यां एखादी आई चंचल मुलाचें बोट धरून त्यांच्यापुढें येऊन बसेल. ‘डॉक्टर, ह्याचं चित्त ठरतच नाही हो,’ असें ती सांगूं लागली म्हणजे त्यांना वसतिगृहांतल्या त्या रात्री आठवतील. तेव्हां त्या माउलीच्या शब्दावर त्यांचा विश्वास बसेल का?