जुन्या गेमच्या माणसाला नव्या बातम्या कशाला हव्यात?

आमचा पाच-सहा जणांचा एक कंपू आहे. सगळे आयटीवाले, सगळ्यांना जुन्या गेम्सचं वेड. महिन्यातून एखाद्या शनिवारी आम्ही एकाच्या घरी जमतो, कारण त्याच्याकडे अजून एक डबा टीव्ही आहे, त्याला जोडायचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम आहे आणि विंडोज एक्सपीवर धापा टाकणारा एक म्हातारा पीसी आहे. कॉन्ट्रा, मारिओ, रोडरॅश, डेव्ह, प्रिन्स ऑफ पर्शिया... सोबत वडापाव आणि चहा. याच्यापलीकडे कार्यक्रमपत्रिका नसते.

तर या कंपूत मध्यंतरी एक वाद झाला. यजमानानं फतवा काढला की या घरात नव्या गेमचं नाव काढायचं नाही. म्हणजे अमुक गेम कधी येणार, तमुक कन्सोल केवढ्याला पडणार, ट्रेलर पाहिला का, यातलं काहीही नाही. जुन्यासाठी जमतो ना, मग जुन्याबद्दलच बोला. दोघांनी लगेच मान डोलावली, दोघे खवळले. मी दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि वीकेंडला निवांत विचार केला. तोच इथे मांडतोय.

आधी फतव्याची बाजू, कारण ती कमकुवत अजिबात नाही. गेमच्या बातम्या म्हणून आपल्यासमोर जे येतं, त्यातलं बरंचसं निव्वळ जाहिरात असते. जीटीए ६ चा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला. त्यानंतर त्या गेमवर किती तास चर्चा झाली असेल? गेम हातात नसताना! ट्रेलरमधल्या गाडीची नंबरप्लेट, मागच्या भिंतीवरची पाटी, या सगळ्यावर लोकांनी प्रबंध लिहिले. नवीन वस्तूमागे पैसा असतो, त्यामुळे तिचा आवाज मोठा असतो. १९८९ च्या प्रिन्स ऑफ पर्शियाची जाहिरात आज कोण करणार? चार जुनी माणसं बसून त्याबद्दल बोलतात तेवढंच. त्या चौघांतही जीटीए घुसला तर प्रिन्स बिचारा तळघरातच राहणार. हे मला शंभर टक्के पटतं.

पण मग प्रश्न येतो की जुना गेम म्हणजे नक्की काय?

फतवा काढणाऱ्या याच मित्राचा सगळ्यात लाडका गेम क्रिकेट ०७. ईएचा हा गेम नोव्हेंबर २००६ मध्ये आला आणि त्यानंतर ईएनं पीसीवर क्रिकेट काढलंच नाही. तेव्हा आयपीएल नव्हती. विराट कोहली भारताकडून पहिला सामना खेळायला अजून दोन वर्षं होती. परवाना फक्त इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचा असल्यामुळे बाकी संघांच्या खेळाडूंची नावं अशी काही वाकडीतिकडी होती की ओळखायला डोकं लावावं लागायचं. आता तोच गेम एखाद्या पॅचवाल्या पीसीवर बघा. खरी नावं, आयपीएलचे संघ, नव्या जर्सी, बुमराह, सगळं हजर! हे कंपनीनं केलेलं नाही. गेमच्या फायली उघडून, त्यातली चित्रं आणि संघांच्या याद्या बदलून चाहत्यांनी वर्षानुवर्षं हे काम फुकट केलं. आता मला सांगा, लिलावात कोण कुठे गेला हे ज्याला माहीत नाही, तो असा पॅच बनवेल कसा? म्हणजे हा जुना गेम इतकी वर्षं जगला तो ताज्या बातम्यांवरच. (हा मुद्दा मित्रापुढे मांडला तेव्हा त्यानं शांतपणे दुसरा वडापाव घेतला. मी त्याला होकार समजतो :) )

एज ऑफ एम्पायर्स २ चं पण तेच. मूळ गेम १९९९ चा. त्याची डेफिनिटिव्ह एडिशन २०१९ मध्ये आली आणि एप्रिल २०२२ मध्ये भारतावरचा एक विस्तार आला, ज्यात आधीच्या एका 'इंडियन्स' गटाऐवजी बंगाली, द्रविड, गुर्जर आणि हिंदुस्थानी असे वेगवेगळे गट मिळाले. वीस वर्षांहून जुन्या गेमची २०२२ सालची बातमी! हिला जुनी म्हणायचं की नवी?

टेट्रिस तर कहर आहे. निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलवरचा टेट्रिस १९८९ चा. त्यात २९ वी लेव्हल आली की ठोकळे इतक्या वेगानं पडतात की इथेच माणसाची हद्द संपली असं लोक अनेक वर्षं मानत होते. मग नव्या पोरांनी बटण दाबायची तऱ्हाच बदलली. कंट्रोलरच्या मागच्या बाजूनं बोटं तबल्यासारखी एकामागून एक आपटायची. २१ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा १३ वर्षांचा एक मुलगा १५७ व्या लेव्हलपर्यंत गेला आणि तिथे गेमच गोठला. यंत्राविरुद्ध माणूस जिंकला. मुलाच्या जन्माच्या कितीतरी आधीचा गेम, आणि त्याच्या इतिहासातली एवढी मोठी घटना ३४ वर्षांनी घडली. जुन्या कॅसेटीसाठी नवे गेमही अजून निघतात. २०१९ चा मायक्रो मेजेस हा फक्त ४० केबीचा आहे. आमच्या ऑफिसच्या ईमेलखालचा लोगो त्याच्यापेक्षा जड असेल.

इथपर्यंत सगळं गोड गोड झालं. आता जरा कडू.

नवीन वस्तू कधीकधी जुनीच्या मुळावर येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये जीटीए ३, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास यांची चकचकीत नवी आवृत्ती आली. ती यायच्या आधीच कंपनीनं मूळ तिन्ही गेम ऑनलाइन दुकानांमधून काढून टाकले. नवी आवृत्ती बग्सनी इतकी भरलेली निघाली की लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा कुठे मूळ गेम पीसीसाठी परत विकायला ठेवले. ज्यांचं अख्खं बालपण व्हाइस सिटीच्या चीटकोडवर गेलं, त्यांना ही 'नव्या गेमची बातमी' म्हणून कानाआड करून चालली असती का?

किंवा हे बघा. २००० च्या दशकातल्या कितीतरी सीड्यांवर सेफडिस्क नावाचं कॉपी-संरक्षण असायचं. ते विंडोजमधल्या एका ड्रायव्हरवर अवलंबून होतं. २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेच्या कारणावरून त्या ड्रायव्हरला दार बंद केलं. सीडी तीच, ओरखडा नाही, रीतसर विकत घेतलेली, आणि गेम सुरूच होईना. जुन्या गेमचा जीव नव्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका निर्णयात अडकला होता. आमच्या यजमानाकडे एक्सपीचा म्हातारा आहे तो हौसेनं नाही, गरजेनं आहे.

माझा खरा मुद्दा मात्र याच्याही पुढचा आहे. आपण ज्याला 'जुने गेम' म्हणतो, ते जुने झाले म्हणजे काय झालं? ते कॅसेटवर, सीडीवर किंवा कुणाच्या तरी हार्डडिस्कवर पडून राहिले. कुणी विचारलं नाही, पण वस्तू जागेवर होती. वीस वर्षांनी धूळ झटकली, चालू केली. जुनं व्हायला आधी शिल्लक राहावं लागतं.

आमच्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर २०१८-१९ साली रात्री एकच आवाज असायचा: पबजी. सबमिशन, व्हायव्हा, जेवण, सगळं त्यानंतर. आमच्या बॅचचा तोच कॉन्ट्रा. २ सप्टेंबर २०२० ला त्यावर भारतात बंदी आली, ३० ऑक्टोबरला सर्व्हर बंद झाला. जुलै २०२१ मध्ये नाव बदलून तो परत आला हे खरं, पण २०१८ चा तो गेम, तेव्हा होता तसा, मला आज कुणी लावून देऊ शकेल? फोन जपून ठेवला असता तरी उपयोग नव्हता, कारण अर्धा गेम फोनमध्ये आणि अर्धा दूर कुठल्यातरी सर्व्हरवर. कॉन्ट्रा माझ्या जन्माच्या आधीचा आहे आणि मी तो दर महिन्याला खेळतो. माझ्या स्वतःच्या तारुण्यातला गेम मात्र गेला तो गेलाच.

सोनीचा काँकॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. पुरते दोन आठवडे! यूबीसॉफ्टचा द क्रू हा गाड्यांचा गेम डिसेंबर २०१४ चा. एकट्यानं खेळायचं म्हटलं तरी सर्व्हर लागायचा, आणि ३१ मार्च २०२४ ला तो बंद झाल्यावर पैसे देऊन घेतलेली डिस्क ही फक्त चहाच्या कपाखाली ठेवायची चकती उरली. यातूनच रॉस स्कॉट या माणसानं 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम काढली. मागणी साधी: विकलेला गेम बंद करताना तो निदान चालेल अशा अवस्थेत सोडा. युरोपात या मागणीच्या अर्जानं जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्या ओलांडल्या.

द क्रूसाठी चाहत्यांनी पुढे स्वतःचा बदली सर्व्हर तयार केला. इथे आपल्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. बंद झालेल्या सर्व्हरची नक्कल करायची तर गेम त्याला काय विचारायचा आणि तो काय उत्तर द्यायचा, हे माहीत असावं लागतं. हे संभाषण नोंदवायची सगळ्यात सोपी वेळ म्हणजे सर्व्हर जिवंत असताना. एकदा तो मेला की उत्तरं कुणाला विचारणार? अंदाज बांधत बसायचं. म्हणजे सर्व्हर बंद होण्याची सूचना ही नव्या गेमची क्षुल्लक बातमी नसते, वीस वर्षांनंतरच्या जुन्या गेमच्या माणसासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची बातमी असते. आणि ती वेळेवर वाचणारा माणूस आजच हवा, वीस वर्षांनी नाही.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये एक अभ्यास केला होता. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम तेव्हा बाजारात विकत मिळतच नव्हते. आणि हे कॅसेट-सीडीच्या जमान्यातले गेम, जे निदान कुणाच्या तरी माळ्यावर सापडू शकतात. सर्व्हरवाल्या गेमचं काय होईल याचा हिशेब तुम्हीच करा.

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. तो दिवसभर ज्या गेममध्ये घरं बांधतो, मित्रांना बोलावतो, भांडतो, तो सगळा ऑनलाइन आहे. तो माझ्या वयाचा होईल तेव्हा त्याला त्याच्या बालपणीचा गेम खेळावासा वाटणारच. तेव्हा त्याच्या हातात काय असेल? स्क्रीनशॉट?

म्हणून कंपूसमोर मी एक दुरुस्ती सुचवली आहे. फतवा राहू दे, पण त्याला चाळणी लावा. ट्रेलर, तारखा, विक्रीचे आकडे, लीक झालेले नकाशे, हे सगळं बाहेर. त्यासाठी जग पडलंय. आत यायला तीनच प्रश्न: या बातमीमुळे एखाद्या जुन्या गेमला काही होतंय का? हा नवा गेम वीस वर्षांनी चालू करता येईल का? आणि कुठला गेम बंद पडणार आहे का, पडणार असेल तर कधी? यातल्या एकाचं जरी उत्तर मिळत असेल तर बातमी कालची असो की आजची, आमच्या डबा टीव्हीसमोर तिला जागा आहे.

तीन विरुद्ध दोन मतांनी दुरुस्ती पास झाली. एक जण तटस्थ राहिला, कारण तो कॉन्ट्राच्या शेवटच्या लेव्हलला होता आणि त्यानं काही ऐकलंच नव्हतं. असो. जुन्याची आवड म्हणजे जुन्याकडे तोंड करून बसणं नव्हे, इतकंच मला म्हणायचंय. उद्याचं जुनं आज नव्या कोऱ्या खोक्यात पडलंय. त्यातलं काय टिकेल यावर लक्ष ठेवायचं काम जुन्याच्या माणसानं नाही करायचं तर कुणी करायचं?